गल्लीतला दुसरा कॅचर : जो गॅराजिओलाचे खेळणे, बोलणे आणि लिहिणे

खेळाडूंची पुस्तके हा टीकाकाराचा विषय नव्हे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. अशा पुस्तकांपैकी बहुतेक पुस्तके विक्रमांची जंत्री आणि आभारांची यादी यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि ज्याच्या नावावर ती खपतात त्याने ती लिहिलेली असतातच असेही नाही. परंतु या ढिगाऱ्यात एखादे वेळी असे पुस्तक हाती लागते की, साहित्य म्हणून त्याचा विचार केल्यावाचून गत्यंतर नसते. जो गॅराजिओला या अमेरिकन खेळाडूचे १९६० साली प्रसिद्ध झालेले ‘बेसबॉल इज अ फनी गेम’ हे पुस्तक आम्ही या वर्गात धरतो. ते थोर पुस्तक आहे म्हणून नव्हे. त्याचा लेखक पुढे अर्धशतक बोलत राहिला, आणि ज्या गोष्टीवर विनोद करून त्याने नाव मिळविले तिच्याविषयीच त्याला एकदा न्यायालयात शपथेवर बोलावे लागले. त्या साक्षीनंतर हे पुस्तक पूर्वीसारखे वाचता येत नाही, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

बेसबॉल आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल. पण क्रिकेट जाणणाऱ्याला त्याचा सांगाडा ध्यानात येण्यास फार कष्ट पडत नाहीत. चेंडू टाकणारा तो पिचर, आणि फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून तो झेलणारा तो कॅचर. आपल्या यष्टिरक्षकाचा हा चुलत भाऊच. मात्र त्याचा अधिकार मोठा. पुढचा चेंडू कोणत्या जातीचा असावा हे तो मांड्यांच्या आडोशाने बोटांच्या खुणा करून पिचरला सुचवितो. शिवाय क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठांची तोंडे फलंदाजाकडे असतात. एकट्या कॅचरचे तोंड मैदानाकडे असते. सगळा खेळ त्याच्यापुढे पटासारखा मांडलेला असतो. आणि तो बसतो कोठे, तर फलंदाज आणि पंच यांच्या मधोमध, म्हणजे गप्पा मारण्यास सर्वांत सोयीच्या जागी! पुढे निवेदक झालेल्या खेळाडूंत कॅचरांचा भरणा दिसतो तो आम्हांला म्हणूनच योगायोग वाटत नाही. पाहणे आणि बोलणे ही दोन्ही कामे त्याच्या जागेनेच त्याला शिकविलेली असतात.

गॅराजिओलाचा जन्म १२ फेब्रुवारी १९२६ रोजी सेंट लुईस शहरात ‘द हिल’ नावाच्या इटालियन वस्तीत झाला. वडील विटांच्या कारखान्यात मजूर. समोरच्या घरात त्याच्याहून नऊ महिन्यांनी मोठा असलेला लॉरेन्स बेरा राहत असे. पुढे ‘योगी’ बेरा म्हणून सगळी अमेरिका ज्याला ओळखू लागली तोच हा. दोघेही कॅचर. सेंट लुईस कार्डिनल्स संघाने सोळा वर्षांच्या गॅराजिओलाला ५०० डॉलर देऊन करारात बांधले. बेराला मात्र त्याहून कमी देऊ केले, म्हणून तो रागावून परतला आणि पुढे न्यूयॉर्क यांकीज संघात गेला. तेथे त्याने दहा वेळा जागतिक विजेतेपद पाहिले. दैवाची ही गंमत गॅराजिओलाने जन्मभर पुरवून खाल्ली. मेजर लीगमधले राहोच, आपल्या गल्लीतदेखील आपण पहिल्या क्रमांकाचे कॅचर नव्हतो, असे तो कोणत्याही सभेत सांगे, आणि सभा जिंकीत असे.

आता वस्तुस्थिती पाहू. १९४६ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, तो कार्डिनल्सकडून जागतिक मालिकेत बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध खेळला. चौथ्या सामन्यात त्याने चार अचूक फटके मारले. मालिकेतली त्याची सरासरी.३१६ होती, आणि कार्डिनल्सनी ती मालिका ४-३ अशी जिंकली. दहा प्रयत्नांत तीनदा यशस्वी होणारा फलंदाज या खेळात उत्तम गणला जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. १९५० मध्ये तो चांगल्या भरात असताना पहिल्या बेसवर धावत येताना पडला आणि त्याचा खांदा निखळला. त्यानंतर ती धार परत आली नाही. तथापि नऊ हंगाम, ६७६ सामने, .२५७ ची सरासरी, ४२ होमरन हा काही टाकाऊ माणसाचा हिशेब नव्हे. कॅचरच्या जागेवर असा खेळाडू कोणत्याही संघाला चालला असता. म्हणजे जो मूर्ख, धांदरट, नशिबाचा मारलेला खेळाडू तो आपल्या बोलण्यातून उभा करतो, तो प्रत्यक्षात कधी नव्हताच. तो त्याने रचलेला आहे.

येथे आम्हांला टीकाकार म्हणून रस वाटू लागतो. स्वतःची फजिती स्वतः सांगणारा निवेदक मराठीला नवा नाही. बडोद्यास पालीचे अध्यापन करीत असता चिं. वि. जोशी यांनी चिमणराव घडविला, आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसाला तर तो आपल्या शेजारच्या बिऱ्हाडातलाच वाटत आला आहे. पण चिमणरावाच्या मागे चिं. वि. सुरक्षित उभे आहेत. चिमणराव फसला की आपण त्याला हसतो. त्याच्या जनकाला कोणी हसत नाही. गॅराजिओलाचा मुखवटा त्याच्याच नावाचा आहे. मुखवटा आणि चेहरा यांच्यात जागाच राहिलेली नाही. या युक्तीचा लाभ मोठा आहे. ऐकणाऱ्याला वाटते, हा आपल्यासारखाच. हा काही आपल्याला वरून शिकवीत नाही. आपल्याकडे विविध भारतीवर विजय मर्चंट क्रिकेटविषयी बोलत तेव्हा त्या बोलण्यामागे ७१ हून अधिक सरासरीचे वजन असे, आणि श्रोता विद्यार्थ्याप्रमाणे कान देई. गॅराजिओला श्रोत्याला आपल्याशेजारी बाकावर बसवून घेतो. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी योग्यच; पण दुसरीत बोलणाऱ्याला सतत स्वतःला कमी लेखीत राहावे लागते, आणि त्याची सवय जडते.

पुस्तक या सवयीच्या पहिल्या बहरातले आहे. त्यात रचना अशी फारशी नाही. पंच, व्यवस्थापक, उंचवट्यावर पिचरभोवती जमून होणाऱ्या मसलती, राखीव खेळाडूंची बडबड असे किश्श्यांमागून किस्से येतात. पण कान विलक्षण तल्लख आहे. माणसे कशी बोलतात, अर्धे वाक्य कोठे सोडतात, राग आला असता कोणता शब्द टाळतात, हे त्याला अचूक टिपता येते. मैदानावर गंभीर चर्चा चालली आहे असे प्रेक्षकांना दुरून वाटावे, आणि जवळ जावे तो तेथे भलतेच काही निघावे, ही त्याची आवडती कलाटणी. ती त्याने वापरावी तितक्याहून अधिक वेळा वापरली आहे. दुसऱ्या अर्ध्यात तर किस्सा सुरू होताच शेवट दिसू लागतो. परंतु खेळ हा वीरांचा नसून काम करणाऱ्या माणसांचा आहे, ही दृष्टी त्या पुस्तकाने सामान्य वाचकापर्यंत पोचविली, आणि वाचकांनीही ते उचलून धरले. बेराच्या नावावर खपणाऱ्या वाक्यांना देशभर पाय फुटले, त्याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्याच्या या बालमित्राकडेच जाते.

त्यापूर्वीच, १९५५ पासून, गॅराजिओला सेंट लुईसच्या केएमओएक्स नभोवाणी केंद्रावरून हॅरी केरी आणि जॅक बक यांच्या जोडीने कार्डिनल्सच्या सामन्यांचे धावते वर्णन करू लागला होता. १९६१ पासून तो एनबीसीच्या दूरचित्रवाणीवर आला. १९६५ मध्ये यांकीजनी मेल ॲलनला दूर केल्यावर त्या जागी गेला. यांकीजच्या कक्षात त्याचा एक सहकारी रेड बार्बर होता. बार्बर हा वृत्तनिवेदनाच्या कडक शिस्तीत वाढलेला माणूस. पूर्वी खेळला एवढ्याच भांडवलावर कोणी ध्वनिक्षेपकापुढे बसावे, हे त्याला मान्य नव्हते. हॉवर्ड कोसेलने पुढे याच प्रकाराला खेळाडूशाही म्हणून झोडपले. १९६६ च्या सप्टेंबरात यांकीजचा एक सामना अवघ्या ४१३ प्रेक्षकांपुढे झाला. त्या दिवसाची खरी बातमी रिकाम्या खुर्च्या हीच आहे, असे बार्बरने श्रोत्यांना सांगून टाकले. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. गॅराजिओला पुढे चढतच गेला. एनबीसीच्या सकाळच्या ‘टुडे’ कार्यक्रमातून तर ज्यांनी कधी बॅट पाहिली नव्हती अशा घरांतही तो पोचला. धंद्याने कोणाची किंमत कशी केली हे यावरून दिसते. अर्थात यात गॅराजिओलाचा काही अपराध नव्हे. तथापि रिकाम्या खुर्च्यांवर त्याला एक छानसा विनोद सुचला असता, आणि मालकांना तो खपलाही असता, ही शंका आमच्या मनातून जात नाही.

आणि आता बदलीची गोष्ट. हा भाग आमच्या वाचकांना बेसबॉल न समजताही समजेल.

अमेरिकन बेसबॉलमध्ये त्या काळी प्रत्येक करारात एक राखीव कलम असे. करार संपला तरी संघमालकाला तो स्वतःच्या मर्जीने आणखी एक वर्ष वाढविता येई, आणि ते वर्ष संपले की पुन्हा. परिणामी खेळाडू जन्मभर त्या संघाचा. मालक मात्र त्याला केव्हाही दुसऱ्या संघाला देऊन टाकण्यास, विकण्यास वा घरी पाठविण्यास मोकळा. १९५१ च्या जूनमध्ये कार्डिनल्सनी आपल्या या घरच्या मुलाला पिट्सबर्गच्या पायरेट्सना दिले. १९५३ च्या जूनमध्ये पायरेट्सनी त्याला राल्फ कायनरबरोबर शिकागोला धाडले. १९५४ संपण्यापूर्वी तो न्यूयॉर्क जायंट्समध्ये होता. लीगमध्ये संघ आठ, त्यांपैकी चार त्याने पाहिले. मध्यंतरी १९५२ साली पायरेट्स १५४ पैकी ११२ सामने हरले. त्या वर्षावर त्याने केलेल्या विनोदांची मोजदाद नाही. अशा देवघेवीच्या जाहिरनाम्यात कधी कधी ‘एक खेळाडू, ज्याचे नाव मागाहून कळविण्यात येईल’ असा शब्दप्रयोग असतो. आपण सबंध आयुष्यातून तोच खेळाडू म्हणून गेलो, असे गॅराजिओला म्हणे.

‘मागाहून कळविण्यात येईल’ या शब्दांची चव सरकारी आज्ञापत्रे वाचणाऱ्यांना निराळी सांगावयास नको. बदलीवरचे विनोद क्लबात कसे रंगतात, आणि त्याच वेळी घरी मुलांच्या शाळेचा प्रश्न कसा आ वासून बसलेला असतो, हेही नको. विनोद खोटा नसतो. पण तो दुःखाचा तेवढाच भाग घेतो, जेवढा चारचौघांत बोलता येतो.

त्याच १९६० साली बेसबॉलविषयी दुसरे एक पुस्तक निघाले: जिम ब्रॉस्नन या पिचरचे ‘द लाँग सीझन’. १९५९ च्या हंगामाची ती रोजनिशी आहे. योग असा की, त्याच हंगामाच्या मध्यावर कार्डिनल्सनी ब्रॉस्ननला सिनसिनाटीला देऊन टाकले, आणि तो प्रसंग त्या पुस्तकात आला आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. ब्रॉस्नन चश्मा लावणारा, पुस्तके वाचणारा, काहीसा एकलकोंडा. त्यालाही विनोद आहे, पण तो कोरडा आहे आणि कोणालाही सोडीत नाही. आपण संघाची मालमत्ता आहोत याचे भान त्याच्या लेखनात बोचत राहते. गॅराजिओलाच्या लेखनात त्याचा किस्सा होतो. पहिल्याने वाचक थोडा अस्वस्थ होतो, दुसऱ्याने प्रसन्न होतो. लोकप्रियतेच्या हिशेबात गॅराजिओलाची सरशी झाली यात नवल नाही. आमच्या मते मात्र ब्रॉस्ननचे पुस्तक सरस आहे, आणि ते पुढील दहा वर्षांत घडलेल्या गोष्टींमुळे अधिकच तसे वाटते.

१९६९ च्या ऑक्टोबरात कार्डिनल्सनी कर्ट फ्लड या आपल्या नामांकित खेळाडूला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. बारा हंगाम तो सेंट लुईसमध्ये खेळला होता. त्यांतल्या पहिल्या काही हंगामांत त्याच्या खेळाचे वर्णन श्रोत्यांना ज्या आवाजांनी ऐकविले त्यांत गॅराजिओलाचाही आवाज होता. फ्लड कृष्णवर्णी होता, वर्षाला ९०,००० डॉलर मिळवीत होता, आणि त्याने जाण्यास नकार दिला. त्याने आयुक्त बॉवी कून यांना डिसेंबरात पत्र लिहून कळविले की, इतकी वर्षे खेळल्यावर, आपली इच्छा न विचारता विकावी वा विकत घ्यावी अशी वस्तू आपण आहोत असे आपल्याला वाटत नाही. पुढे खटला झाला. १९७० च्या मे-जूनमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात फ्लडच्या बाजूने जॅकी रॉबिन्सन आला, हँक ग्रीनबर्ग आला, बिल व्हेक आला, आणि जिम ब्रॉस्ननही आला. त्या वेळी मैदानावर असलेला एकही खेळाडू फिरकला नाही. आणि मालकांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत होता जो गॅराजिओला.

या साक्षीचे काय करावयाचे? सोपा निकाल असा की, तो मालकांच्या मिठाला जागला. आम्हांला तो निकाल पुरेसा वाटत नाही. राखीव कलम गेले तर खेळच बुडेल असे आपल्याला त्या वेळी वाटत होते, असे त्याने पुढे सांगितले आहे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे आम्हांला कारण दिसत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या माणसाने तीनदा झालेली आपली देवघेव हसून सांगता सांगता पंधरा वर्षे काढली, त्याला ती अन्याय म्हणून दिसणेच कठीण झाले होते. दुःखाला एकदा किश्श्याचा आकार दिला की ते तेथे मिटते, निदान सांगणाऱ्यापुरते मिटल्यासारखे होते. फ्लडने तोच अनुभव किश्श्यात न घालता पत्रात घातला. दोघांमधला हा फरक शैलीचा आहे, म्हणूनच तो टीकाकाराच्या कक्षेत येतो.

रॉबिन्सन समोरच्या बाजूला होता, हेही विसरता येत नाही. १९४७ साली, रॉबिन्सन मेजर लीगमध्ये आला त्या पहिल्याच हंगामात, सप्टेंबरातील एका सामन्यात पहिल्या बेसवर गॅराजिओलाचा खिळ्यांचा बूट रॉबिन्सनच्या पायावर पडला, आणि त्यावरून दोघांत बाचाबाची झाली. त्यात वर्णद्वेष नव्हता, असे गॅराजिओलाने नेहमीच सांगितले. ती घटना जन्मभर त्याच्या मागे लागली, आणि तिच्यावर मात्र त्याला विनोद करता आला नाही. त्याच्या हास्याची वेस कोठे होती हे त्यावरून कळते.

फ्लड हरला, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. पण १९७५ च्या अखेरीस दुसऱ्याच दोन खेळाडूंच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी राखीव कलमाचा तो अर्थ अमान्य केला, आणि खेळाडू मोकळे झाले. खेळ बुडाला नाही. पुढे गॅराजिओलाने आपण साफ चुकलो असे कोणताही आडपडदा न ठेवता कबूल केले, आणि फ्लडच्या धैर्याची वाखाणणी केली. एवढ्यावरही तो थांबला नाही. १९८६ साली विपन्नावस्थेतील जुन्या खेळाडूंना व त्यांच्या कुटुंबांना गुपचूप मदत पोचविणारी एक संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता, आणि त्या कामात त्याने वर्षे घातली. तंबाखू चघळण्याच्या खेळाडूंच्या सवयीविरुद्धही तो संघासंघांतून बोलत हिंडला. तेव्हा तो हसवीत असे, पण हसविणे हा त्या बोलण्याचा शेवट नसे. आमच्या मते त्याचे सर्वांत चांगले बोलणे या काळातले आहे. १९९१ साली त्याला निवेदकांसाठी असलेले फोर्ड फ्रिक पारितोषिक मिळाले.

त्याच्या निवेदनातला आम्हांला सर्वाधिक आवडणारा क्षण मात्र बोलण्याचा नाही. १९८३ पासून एनबीसीवर तो व्हिन स्कलीच्या शेजारी बसे. स्कली कधीच व्यावसायिक खेळाडू नव्हता. शब्द मोजून वापरणारा, बार्बरच्याच हाताखाली तयार झालेला निवेदक. १५ ऑक्टोबर १९८८ रोजी लॉस एंजेलिस येथे जागतिक मालिकेच्या पहिल्या सामन्यात डॉजर्स संघ ४-३ ने मागे होता. नवव्या डावात दोन गडी बाद झाले असता, दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत फलंदाजीस आला आणि त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. सामना तेथेच संपला. स्कलीने चेंडू गेल्याचे सांगितले आणि तो गप्प झाला. एक मिनिटाहून अधिक काळ घराघरांत केवळ मैदानातला जल्लोष ऐकू येत राहिला. गिब्सन मूठ हालवीत, पाय ओढीत, एकेक बेस पार करीत होता. शेजारी जन्माचा बडबड्या गॅराजिओला बसलेला होता. खेळाडू म्हणून, कॅचर म्हणून, त्या फटक्याविषयी सांगण्याजोगे त्याच्यापाशी पुष्कळ असणार. तोही काही बोलला नाही.

ती मालिका संपल्यावर त्याने एनबीसी सोडली. पुढे ॲरिझोनात अधूनमधून तो माइकपुढे बसत असे. २०१३ साली तेही थांबविले. योगी बेरा २२ सप्टेंबर २०१५ रोजी वारला, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी, २३ मार्च २०१६ रोजी, गॅराजिओला.